सॉफ्टबॉल खेळून कॉलेज फुकट होतं का? अमेरिकेतल्या रिक्रूटिंगचा हिशोब, सोप्या भाषेत

६ जून २०२५ ला ओक्लाहोमा सिटीत टेक्सस युनिव्हर्सिटीच्या पोरींनी टेक्सस टेकला १०-४ हरवून कॉलेज सॉफ्टबॉलची वर्ल्ड सिरीज जिंकली, आम्ही डॅलसच्या बाजूला राहणारे, त्यामुळे घरी टीव्हीपुढे नुसता दंगा. त्याच दिवशी तिकडे कॅलिफोर्नियात क्लॉडिया विल्कन नावाच्या जजबाईंनी एका खटल्याच्या तडजोडीला मंजुरी दिली आणि कॉलेजच्या खेळांमधल्या पैशाचं गणितच फिरलं. मॅचचं सगळ्यांना कळलं, या दुसऱ्या गोष्टीचा अर्थ मात्र अजूनही कितीतरी आईबापांना लागलेला नाही, आणि त्यात आमच्यासारखे ज्यांचं अर्धं खानदान जळगावात आहे त्यांना तर दोन्हीकडून समजावत बसावं लागतं.

मामेबहिणीचा फोन आला, "ताई, त्या टेक्सस टेकच्या पिचरला दहा लाख डॉलर मिळाले म्हणे, मग आपल्या पोरीचं कॉलेज तरी फुकट होईल की!"

थोडक्यात उत्तर: बहुतेक नाही. पण सॉफ्टबॉलमुळे कॉलेजचं दार उघडू शकतं आणि थोडे पैसेही मिळू शकतात, फक्त ते पैसे लोकांना वाटतं त्या खिशातून येत नाहीत. माझी लेक आता बारावीत आहे, कॅचर आहे (बॅटरच्या मागे बसून पिचरचा बॉल झेलणारी), चार वर्षं हेच चाललंय घरात, म्हणून एकदा नीट लिहूनच काढते.

आधी खेळ, दोन मिनिटांत

जळगावला शाळेत असताना मी पण आंतरशालेय सॉफ्टबॉल खेळलेय. चुन्याने बेस आखायचे, अख्ख्या टीममध्ये ग्लोव्ह सहा-सात, फील्डिंग करून परत येणाऱ्या पोरीच्या हातातून ग्लोव्ह घेऊन आपण पळायचं. राज्य पातळीवर खेळलं की दहावी-बारावीला वाढीव गुण मिळतात हे तेव्हाचं सगळ्यात मोठं आमिष, खोटं कशाला बोलू. खेळ तोच आहे: पिचर ४३ फुटांवरून हात खालून गरकन फिरवून बॉल टाकते, बेसमधलं अंतर ६० फूट, सात इनिंग. बेसबॉलमध्ये पिचर साडेसाठ फुटांवर आणि बेस ९० फुटांवर असतात, म्हणून सॉफ्टबॉल बघायला छोटा वाटतो, पण ६५ मैलांच्या वेगाने ४३ फुटांवरून आलेला बॉल साधारण ०.४ सेकंदात तुमच्या पुढ्यात असतो. डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात संपलं.

इकडे हायस्कूलमध्ये साडेतीन लाखांच्या आसपास मुली सॉफ्टबॉल खेळतात. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने सरकारी पैसा घेणाऱ्या शाळा-कॉलेजांना मुलामुलींत भेदभाव करायला बंदी घातली, मग मुलांच्या अवाढव्य अमेरिकन फुटबॉल टीमला तोलायला मुलींचे खेळ वाढवणं कॉलेजांना भाग पडलं, त्यात सॉफ्टबॉलचं उखळ पांढरं झालं.

कॉलेज म्हणजे एकच प्रकार नव्हे

इथे बहुतेक लोक गडबडतात. टीव्हीवर दिसतं ते डिव्हिजन १. कॉलेजच्या खेळांची सगळ्यात मोठी संघटना एनसीएए, तिचे तीन डिव्हिजन. डिव्हिजन १ मध्ये सॉफ्टबॉलच्या साधारण ३०० टीम, तिन्ही डिव्हिजन मिळून हजाराच्या घरात. डिव्हिजन २ मध्ये खेळाची स्कॉलरशिप असते पण टीमला मिळून फक्त ७.२. हो, पॉइंट दोन, ते कसं ते पुढे सांगते. डिव्हिजन ३ मध्ये खेळासाठी एक पैसा देत नाहीत, नियमच आहे. आयव्ही लीगची कॉलेजेस (हार्वर्ड, येल वगैरे) डिव्हिजन १ मध्ये असूनही खेळाची स्कॉलरशिप देत नाहीत, हे ऐकून आमच्या ओळखीतल्या एका काकांचा चेहरा पडला होता, त्यांचा प्लॅनच तो होता. एनसीएएच्या बाहेर एनएआयए नावाची वेगळी संघटना, छोटी कॉलेजं, तिथे टीममागे १० स्कॉलरशिप. आणि दोन वर्षांची ज्युनियर कॉलेजं, ज्यांना सगळे जुको म्हणतात, त्यांच्या वरच्या डिव्हिजनमध्ये तर टीममागे २४ पर्यंत. म्हणजे ज्या जुकोला आपले लोक नाक मुरडतात तिथे खेळून दोन वर्षं स्वस्तात काढायची आणि मग चार वर्षांच्या कॉलेजात उडी मारायची हा रस्ता पैशाच्या दृष्टीने अजिबात वेडगळ नाही, पण "पोरगी कुठे आहे" असं लग्नात कुणी विचारलं की सांगायला मोठं नाव हवं असतं ना, तिथे गाडी अडते.

पॉइंट दोन स्कॉलरशिप म्हणजे काय? एसटीचं उदाहरण

समजा कोचकडे एक एसटी आहे. जुन्या नियमाप्रमाणे डिव्हिजन १ च्या सॉफ्टबॉल कोचकडे १२ पूर्ण तिकिटांचे पैसे असायचे, पण गाडीत बसणाऱ्या मुली वीस-बावीस. मग कोच काय करणार, पिचरला अख्खं तिकीट, शॉर्टस्टॉपला पाऊण, कुणाला अर्धं, कुणाला नुसते पुस्तकांचे पैसे, आणि दोन-चार जणी स्वतःच्या खर्चाने चढणार, त्यांना वॉक-ऑन म्हणतात. एका पूर्ण स्कॉलरशिपचे असे तुकडे करून वाटणं म्हणजे इक्विव्हॅलन्सी. म्हणून ७.२ हा आकडा येतो, तो मुलींचा नाही, तिकिटांच्या एकूण रकमेचा आहे. कॉलेजच्या मोठ्या फुटबॉलमध्ये असं नव्हतं, तिथे ज्याला द्यायची त्याला पूर्णच द्यायची. फुल स्कॉलरशिप हा शब्द लोकांच्या डोक्यात तिथून शिरला आणि मग सगळ्या खेळांना चिकटला.

आता त्या जून २०२५ च्या तडजोडीने काय केलं? जुलै २०२५ पासून, जी कॉलेजं या नव्या पद्धतीत आली त्यांच्यासाठी तिकिटांची मर्यादा काढून टाकली आणि सीटची मर्यादा घातली. सॉफ्टबॉलसाठी २५ सीट. पंचवीसच्या पंचवीस मुलींना पूर्ण स्कॉलरशिप द्यायची असेल तर द्या, पण सव्विसावी मुलगी गाडीत चढवायची नाही.

हे ऐकून सगळे खूश झाले, १२ च्या २५ झाल्या म्हणून. अहो पण देऊ शकता आणि देणार यात फरक आहे. त्याच तडजोडीत कॉलेजांना खेळाडूंना थेट पैसे वाटायची मुभा मिळाली, पहिल्या वर्षी साधारण २ कोटी ५ लाख डॉलरपर्यंत, आणि नव्याने वाढवलेल्या स्कॉलरशिपचे २५ लाख डॉलरपर्यंत त्याच टोपलीतून मोजायचे. त्या टोपलीवर पहिला हात फुटबॉलचा, दुसरा बास्केटबॉलचा, सॉफ्टबॉलला ताटाच्या कडेचं लोणचं. अगदी वरची श्रीमंत कॉलेजं खरंच जास्त स्कॉलरशिप देऊ लागली, पण जी कॉलेजं या पद्धतीत आलीच नाहीत तिथे जुनीच १२ ची मर्यादा, आणि त्यातल्या कित्येकांकडे बाराचेही पैसे कधी नव्हते. आणि एक तोटा कुणी बोलत नाही, पूर्वी काही कोच तीस-तीस मुली ठेवायचे, त्यातल्या शेवटच्या पाच जणी, ज्या स्वतःच्या पैशाने यायच्या आणि तिसऱ्या वर्षी कुठे खेळायला मिळायचं, त्यांची सीटच गेली.

कोच उत्तर का देत नाही? रागावलाय का?

नाही हो. नियम आहे. डिव्हिजन १ च्या सॉफ्टबॉल कोचला मुलगी अकरावीत गेल्यावर १ सप्टेंबरपर्यंत तिच्याशी रिक्रूटिंगबद्दल बोलायची परवानगीच नाही, फोन नाही, मेसेज नाही, कॅम्पला समोर उभी असली तरी "आमच्याकडे ये" म्हणायचं नाही. २०१८ मध्ये हा नियम आला कारण त्याआधी सातवी-आठवीतल्या पोरी कॉलेजला तोंडी होकार देऊन बसायच्या. ज्या वयात आम्ही वह्या-पुस्तकांना कव्हरं घालत होतो त्या वयात. डिव्हिजन २ वाल्यांना दहावी संपल्यावर १५ जूनपासून बोलता येतं, डिव्हिजन ३ वाले ईमेल-फोन कधीही करू शकतात.

पण मुलीने ईमेल करायला कधीच बंदी नाही. कोच वाचतात, फक्त उत्तर देऊ शकत नाहीत, फार तर कॅम्पचं पत्रक नाहीतर एक फॉर्म पाठवतात. इथे पुष्कळ आईबाप हिरमुसून थांबतात आणि तिथेच चूक होते.

आमच्याकडची ३१ ऑगस्टची रात्र सांगते. मागच्या वर्षी. लेक अकरावीत, फोन चार्जिंगला लावून सोफ्यावर, ग्रुपवर बाकीच्या मैत्रिणी पण जाग्या. बाराचा ठोका पडला आणि तिच्या टीमच्या पिचरला पाच मिनिटांत अकरा मेसेज आले, स्क्रीनशॉट धडाधड. आमचा फोन गप्प. साडेबाराला मी म्हटलं झोप आता, ती म्हणाली थांब ना, एक वाजता मीच झोपले. तीन तारखेला दोन ईमेल आले, एक डिव्हिजन २ आणि एक डिव्हिजन ३, दोन्ही अशा कॉलेजांचे जिथे तिने दीड वर्ष स्वतः लिहून पाठवलं होतं. पिचरची गोष्ट वेगळी असते, स्थळ चालून येतं. बाकीच्यांना बायोडेटा पाठवत राहावा लागतो.

ईमेलमध्ये काय हवं: नाव, पास होण्याचं वर्ष, पोझिशन, डावी-उजवी, मार्क, दोन-तीन मिनिटांचा व्हिडिओ, पुढची टुर्नामेंट कुठल्या मैदानावर किती वाजता, आणि त्या कॉलेजबद्दल एक खरं वाक्य. आणि लिहायचं मुलीने. बापाने लिहिलेला ईमेल कोचला पहिल्या ओळीत कळतो, "आमची कन्या अत्यंत मेहनती असून" छाप.

मग कोच बघतात कुठे?

हायस्कूलच्या मॅचला फारसं कुणी येत नाही. खरा बाजार भरतो तो ट्रॅव्हल बॉलमध्ये, म्हणजे खाजगी क्लबच्या टीम, १४, १६, १८ वर्षांखालील गट, उन्हाळ्यात कोलोराडो, कॅलिफोर्निया, जिथे मोठ्या टुर्नामेंट असतील तिथे. एकेका ठिकाणी वीस-वीस मैदानं, बॅटर उभी राहते त्या होमप्लेटच्या जाळीमागे घडीच्या खुर्च्या टाकून कॉलेजांचे टी-शर्ट घातलेले कोच, हातात वही, स्टॉपवॉच, कुणाकडे वेग मोजायची रडारगन. आपण मागे छत्री, बर्फाचा खोका आणि ढकलगाडी सांभाळत बसायचं आणि कोच आपल्या मैदानाकडे चालत येतोय का ते चोरून बघायचं. तो तिसऱ्या इनिंगला आला आणि पोरगी नेमकी बेंचवर. असंही होतं.

कॅचरकडे बघताना पॉप टाइम मोजतात. बॉल कॅचरच्या ग्लोव्हमध्ये आपटल्यापासून तिने फेकून तो दुसऱ्या बेसवर पोचेपर्यंतचा वेळ, अंतर जवळजवळ ८५ फूट. दोन सेकंदांच्या आत हवाच, वरच्या टीमना त्याहून बराच कमी. माझ्या लेकीने गॅरेजमध्ये गादी उभी करून वर्षभर नुसती उठायची आणि बॉल ग्लोव्हमधून हातात घ्यायची प्रॅक्टिस केली, फेकायचं कमी, कारण तिच्या क्लबच्या कोचने दाखवून दिलं की वेळ हातात जात नाही, पायात जातो. ते आकड्यात दिसलं. पण त्याच कोचबाईंनी हेही सांगितलं की कॉलेजवाले आउट झाल्यावर ती डगआउटमध्ये, म्हणजे टीमच्या बसायच्या जागेत, कशी जाते, आईशी कशी बोलते हे पण बघतात, तेव्हापासून मी जाळीजवळ जाऊन "पाणी पी गं" ओरडणं बंद केलं.

या सगळ्याचा खर्च? क्लबची फी, विमानं, हॉटेलं, बॅट (एकेक बॅट चारशे डॉलर, आणि थंडीत तडकते). काही घरांत हा खर्च पुढे मिळणाऱ्या स्कॉलरशिपपेक्षा जास्त होतो. स्कॉलरशिपसाठी गुंतवणूक म्हणून हे करत असाल तर त्यापेक्षा पैसे बँकेत ठेवा, सरळ सांगते. पोरीला आवडतं म्हणून करत असाल तर गोष्ट वेगळी.

तोंडी होकार म्हणजे एसटीतला रुमाल

कोच म्हणतो ये, मुलगी म्हणते येते, इन्स्टाग्रामवर फोटो टाकतात, मावशा हार्ट टाकतात. याला व्हर्बल कमिटमेंट म्हणतात आणि याची कायदेशीर किंमत खिडकीतून सीटवर टाकलेल्या रुमालाएवढी. बहुतेक लोक मान ठेवतात, पण कोच नोकरी बदलून गेला तर नवा कोच तुमचा रुमाल उचलून बाजूला ठेवू शकतो. लग्नाची बोलणी आणि याद्या यात जो फरक तोच इथे. याद्या होतात बारावीत, कॉलेजकडून स्कॉलरशिपचा लेखी करार येतो तेव्हा. पूर्वी त्यासोबत नॅशनल लेटर ऑफ इंटेंट नावाचा कागद असायचा, तो ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, आता आर्थिक मदतीचा करार हाच खरा कागद.

आणि कागदावर वर्षं बघायची. करार एक वर्षाचा आहे, दरवर्षी नवा होणारा, का चारही वर्षांचा? दुखापत झाली तर काय? हे विचारायला लाजायचं नाही.

२०१८ पासून ट्रान्स्फर पोर्टल पण आहे, म्हणजे एक यादी, कॉलेज बदलायचं असलेल्या खेळाडूंनी त्यात नाव टाकायचं. कोचच्या बाजूने विचार करा, २५ सीट आहेत, एका बाजूला हायस्कूलची १७ वर्षांची पोरगी आणि दुसऱ्या बाजूला दोन वर्षं कॉलेजात खेळलेली तयार पिचर, तो कुणाला घेईल? म्हणून हायस्कूलवाल्यांच्या जागा आखडल्यात. मामेबहीण म्हणाली ती पिचर, नायजेरी कॅनडी, तीही स्टॅनफर्ड सोडूनच टेक्सस टेकला आली, आणि ते दहा लाख डॉलर स्कॉलरशिपचे नव्हेतच, ते एनआयएलचे, म्हणजे खेळाडूने स्वतःचं नाव-चेहरा वापरू देण्याच्या बदल्यात मिळणारे. तिच्यासारखी एखादीच.

मार्क लागतात का? खेळाडू कोटा नसतो का?

लागतात. आणि हे आपल्या घरांना ऐकायला बरं वाटेल. डिव्हिजन १ साठी नववी ते बारावी १६ ठरलेले विषय-कोर्स पूर्ण हवेत, त्यांची सरासरी ४ पैकी किमान २.३, त्यातले १० बारावी सुरू व्हायच्या आधी. डिव्हिजन २ ला २.२. सॅट या प्रवेशपरीक्षेची अट एनसीएएने २०२३ च्या जानेवारीत काढली, पण कॉलेज स्वतः मागू शकतं. हे किमान झालं, पात्र ठरण्यापुरतं. खरी गंमत पुढे आहे: चांगले मार्क असतील तर कॉलेज अभ्यासाची वेगळी स्कॉलरशिप देतं, मेरिट एड, आणि कोचला तेच हवं असतं, कारण त्या मुलीवर त्याच्या तिकिटांचे पैसे कमी खर्च होतात.

हे बघा, आकडे समजा म्हणून घेतलेत. एक डिव्हिजन १, परराज्यातलं, वर्षाचा खर्च ६० हजार डॉलर, सॉफ्टबॉलची पाव स्कॉलरशिप म्हणजे १५, घरातून ४५. दुसरं खाजगी डिव्हिजन ३, खर्च ७०, खेळाचे शून्य, पण मेरिट ३० आणि उत्पन्न बघून दिलेले १२, घरातून २८. तिसरं आपल्याच राज्यातलं डिव्हिजन २, खर्च ३०, सॉफ्टबॉलचे ६, मेरिट ६, घरातून १८. फेसबुकवर मिरवायला पहिलं, खिशाला तिसरं. आणि स्कॉलरशिपमधला राहण्या-जेवणाचा भाग इन्कम टॅक्सला लागतो, फी आणि पुस्तकांचा लागत नाही, हे मला आमच्या सीएने सांगेपर्यंत माहीत नव्हतं.

पण आपल्या पोरी उंचीने कमी, चालेल का?

पिचर आणि फर्स्ट बेसला उंची बघतात हे खरं. पण सॉफ्टबॉलमध्ये स्लॅपर नावाचा प्रकार आहे, डावखुरी बॅटर पळत पळतच बॉलला चापट मारते आणि फर्स्ट बेसकडे सुटते, ६० फुटांच्या खेळात ती पहिली दोन पावलं म्हणजे सोनं. पाय चपळ असलेल्या बुटक्या मुलींना कित्येक कोच मुद्दाम डावीकडे वळवतात. सेकंड बेस, आउटफिल्ड, तिथेही उंचीचं फार अडत नाही.

एजंटला पैसे दिले तर काम होईल का?

आम्ही दिले. एका रिक्रूटिंग सर्व्हिसला अडीच हजार डॉलर, नाव नको. त्यांनी काय केलं तर लेकीचं प्रोफाइल वेबसाइटवर टाकलं आणि शेकडो कोचना एकच छापील ईमेल पाठवला, त्यातल्या दोन कॉलेजांत सॉफ्टबॉलची टीमच नव्हती. जे दोन ईमेल आले ते तिच्या स्वतःच्या लिहिण्याने आले हे वर सांगितलंच.

एच-४ वर (आईबापांच्या नोकरीच्या व्हिसाला जोडलेल्या व्हिसावर) असलेल्या किंवा भारतातल्या मुलींचं काय?

खेळाची आणि मेरिटची स्कॉलरशिप नागरिक नसलेल्या मुलीलाही मिळू शकते. सरकारी मदत, जी फाफ्सा नावाच्या फॉर्मवरून मिळते, ती एच-४ किंवा एफ-१ वर, म्हणजे विद्यार्थी व्हिसावर, मिळत नाही, त्यामुळे वरच्या हिशोबातले उत्पन्नावरचे पैसे कमी-जास्त होतील. एच-४ वर २१ वर्षं पूर्ण झाली की स्टेटस बदलावं लागतं, ते कॉलेजच्या मध्येच येतं, आधीच वकिलाशी बोलून ठेवा. आणि एनआयएलचे पैसे या व्हिसांवर घेणं धोक्याचं, टी-शर्टच्या जाहिरातीसाठी व्हिसा घालवायचा नाही.

महाराष्ट्रातून थेट यायचं असेल तर नववीपासूनच्या मार्कशीट जपून ठेवा, त्या सगळ्या एनसीएएच्या पात्रता केंद्राला लागतात. अडचण खेळाची कमी आणि दिसण्याची जास्त, कारण कोच जळगावच्या मैदानावर खुर्ची टाकायला येत नाही. तिथून व्हिडिओच तुमचा वकील. गाण्याशिवाय, स्लो मोशनशिवाय, सलग. जुको आणि एनएआयएला आधी लिहा.

अभ्यास होतो का मग?

सीझनमध्ये खेळाचे आठवड्याला २० तास असा नियम आहे, पण मॅचचा अख्खा दिवस ३ तासच धरतात, प्रवास धरत नाहीत. डिव्हिजन १ ची टीम फेब्रुवारी ते मे ५६ पर्यंत मॅच खेळू शकते. इंजिनिअरिंगची लॅब दुपारी आणि प्रॅक्टिस पण दुपारी, याचं उत्तर प्रत्येक कॉलेजात वेगळं मिळतं, टीममध्ये सध्या किती जणी इंजिनिअरिंग करतायत हे विचारलं की लगेच कळतं.

गेल्या आठवड्यात लेकीने डिव्हिजन २ च्या त्या कोचबाईंना फोनवर हे विचारलं, आणि मग जरा थांबून, माझ्याकडे न बघता, "माझ्यासाठी आकडा किती आणि किती वर्षांसाठी?" कोचबाई हसल्या, म्हणाल्या हा प्रश्न नेहमी आई-वडील विचारतात. आकडा सांगितला. छोटा होता. संध्याकाळी तो चार वर्षांच्या उल्लेखासकट लेखी आला, आता ते कागद डायनिंग टेबलावर मीठाच्या डबीखाली आहेत आणि ती गॅरेजमध्ये गादीवर बॉल आपटतेय.